ते अमृताकडं आहे

आपण काय शिकतो आहोत आणि कशासाठी शिकतो आहोत, हे जाणून घेणे हा प्रत्येक मुलाचा जन्मसिद्ध हक्क आहे.

हे वाक्य माझे नाही. ते आमच्या शाळेच्या दर्शनी भिंतीवर होते. चित्रकलेच्या सरांनी ते एका जुन्या फ्लेक्सच्या कोऱ्या पाठीवर निळ्या रंगात रंगवले होते. वारा सुटला की फ्लेक्स उलटायचा आणि मुलांच्या हक्काच्या जागी सोन्याच्या बांगड्यांवरची मजुरी माफ असल्याचे कळायचे.

त्या शुक्रवारी मुख्याध्यापक जाधव सर खाली उभे राहून फ्लेक्सचे चारही कोपरे सुतळीने बांधून घेत होते. मी वरच्या मजल्यावरून बघत होतो. तेवढ्यात निलोफर शेख मॅडम माझ्या टेबलाशी आल्या. मी शाळेत पर्यवेक्षक होतो. म्हणजे मुख्याध्यापकांच्या खालोखालचा माणूस. त्याला अधिकार फारसे नसतात, पण शिक्षक रडायला त्याच्याकडेच येतात. शेख मॅडम रडणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या नुसत्या खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या. बसा म्हटले तरी बसल्या नाहीत.

"सर, पुढच्या गुरुवारी समिती माझ्याच तासाला बसणार आहे. सहावी ब."

"कोण म्हणालं?"

"जाधव सर. तुमच्या भल्यासाठीच, असं म्हणाले."

हे वाक्य ऐकल्यावर मलाही बरे वाटले नाही.

शेख मॅडम शिक्षण सेवक होत्या. आमच्याकडे नवा शिक्षक पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक असतो. काम पूर्ण शिक्षकाचे, मानधन बेताचे आणि नोकरी अधांतरी. तीन वर्षांनी त्याची सेवा 'समाधानकारक' आहे असा शेरा मिळाला की तो कायम होतो. त्या एका शब्दावर सगळे असते. मॅडमची तीन वर्षे त्याच महिन्यात संपत होती. शेरा द्यायचा होता संस्थेने नेमलेल्या समितीने, एक तास बघून. इकडे संस्थेच्या अध्यक्षांच्या मेव्हण्याची मुलगी बीएड होऊन घरी बसली होती. तिचा विषयही गणितच होता. ही माहिती शाळेत शिपायापासून सर्वांना होती आणि कुणीही ती मोठ्याने बोलत नसे.

मॅडमच्या वडिलांचे दौलताबादला सरबताचे छोटे दुकान होते. "अब्बांनी सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंय, पोरगी या महिन्यात पक्की होणार म्हणून," मॅडम म्हणाल्या. "आता मला घरी जायची भीती वाटते."

एरवी तपासणीत एवढे घाबरण्यासारखे नसते. तपासणीला आलेले लोक शिक्षकाचे टाचण बघतात. टाचण म्हणजे तासाला काय शिकवणार याची आधी लिहिलेली नोंद. ते नीट असले की चहा होतो. या वेळी मात्र समितीने आधीच कळवले होते की आम्ही शिक्षकाला काही विचारणार नाही. आम्ही मुलांना विचारू. वर्गात चाललेला उपक्रम कोणत्या अध्ययन निष्पत्तीशी जोडलेला आहे, हे मुलाने स्वतः सांगितले पाहिजे.

अध्ययन निष्पत्ती हा शब्द ऐकून वाचकांनी घाबरू नये. आम्हीही सुरुवातीला घाबरलो होतो, मग सवय झाली. वर्षाच्या शेवटी मुलाला काय करता आले पाहिजे, हे ज्यात सांगितलेले असते ती निष्पत्ती. उदाहरणार्थ, सहावीच्या गणितात साधारण असे असते की विद्यार्थी माहिती गोळा करतो, ती स्तंभालेखाने दाखवतो आणि तिचा अर्थ लावतो. स्तंभालेख म्हणजे उभ्या पट्ट्यांचा आलेख. निवडणुकीच्या निकालाला टीव्हीवर दिसतो तो. कल्पना चांगली आहे. पाढे पाठ झाले म्हणजे गणित आले असे नव्हे, त्या पाढ्यांचे पुढे काही करता आले पाहिजे, एवढेच ती सांगते. पण चांगल्या कल्पनेचे आपल्याकडे जे होते तेच तिचेही झाले. तिला क्रमांक मिळाले.

जाधव सर कामाचे माणूस. त्यांनी सोमवारीच तोडगा काढला. निष्पत्त्यांच्या चिठ्ठ्या केल्या आणि सहावी बच्या मुलांना हजेरी क्रमांकाप्रमाणे एकेक वाटून दिली. ज्याची त्याने पाठ करायची. समितीने विचारले की ज्याच्याकडे ती निष्पत्ती असेल त्याने हात वर करायचा, क्रमांकासकट म्हणायची आणि बसायचे. मुले हुशार. मधल्या सुट्टीपर्यंत सगळ्यांची पाठ झाली. पाण्याच्या नळाशी उभी राहूनही म्हणत होती.

मी वर्गात गेलो. पहिल्या बाकावर फैजान होता. हा मुलगा खिडकीच्या बाजूला बसायचा आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक टँकरची खबर वर्गाला द्यायचा. मी त्याला विचारले, "स्तंभालेख कशाला काढतात रे?"

तो उभा राहिला. प्रामाणिकपणे विचार केला.

"सर, ते माझ्याकडं नाय. ते अमृताकडं आहे."

"तुझ्याकडं काय आहे?"

"कोन."

"मग कोन म्हणजे काय?"

त्याने चिठ्ठी घडाघडा म्हटली. मी पुन्हा विचारले, म्हणजे काय. त्याने पुन्हा म्हटली, या वेळी जरा मोठ्याने.

मागच्या भिंतीशी शेख मॅडम उभ्या होत्या. त्यांचा चेहरा बघून मी पुढचा प्रश्न विचारला नाही.

वास्तविक त्या वर्गात एक खरा स्तंभालेख होता. तो मॅडमनीच सुरू केलेला. आमच्या गारखेड्याच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही. मध्ये काही दिवस जातात, आणि येते तेव्हा घरातल्या प्रत्येक हाताला काम लागते. कुणी मोटार लावतो, कुणी पाइप धरतो, कुणी ड्रम भरला का ते बघतो. त्या दिवशी मुले उशिरा येतात किंवा येतच नाहीत. न येण्याचे कारण विचारून विचारून मॅडम कंटाळल्या. मग त्यांनी मुलांनाच कामाला लावले. रोज किती जण हजर ते मोजायचे आणि मोठ्या कागदावर तेवढी उंच पट्टी रंगवायची. पाणी आलेल्या दिवसाची पट्टी निळी, बाकीच्या पिवळ्या. आता बरेच आठवडे झाले होते. कागदावर पिवळ्या पट्ट्या उंच होत्या आणि निळ्या बुटक्या.

मी मॅडमना म्हटले, हाच घ्या. चिठ्ठ्या बाजूला ठेवा आणि रोज तासाच्या शेवटी मुलांना तीनच गोष्टी विचारा. आज काय केलं, ते करताना काय जमलं, आणि ते आणखी कुठं उपयोगी पडेल. मग निष्पत्त्या साध्या भाषेत भिंतीवर लावा. आपण केलं ते कशात बसतं, ते मुलांनाच ठरवू द्या. प्रत्येकाने आपल्या नावाचा कागद त्या निष्पत्तीखाली चिकटवायचा.

मंगळवारी पहिला प्रयत्न झाला. अमृता वर्गात पहिली येणारी मुलगी. ती उठली, तिने एका निष्पत्तीखाली आपला कागद लावला. त्यानंतर उरलेल्या सगळ्या वर्गाने शिस्तीत रांग लावून आपापले कागद तिच्याच कागदाच्या भोवती लावले. बाकीची भिंत कोरी राहिली. उपक्रम म्हणून दिसायला छान होते. मधमाश्यांचे पोळे वाटत होते.

"सर, हे असंच होणार," मॅडम म्हणाल्या. "ही मुलं प्रश्नाकडं बघत नाहीत. अमृताकडं बघतात. अमृता माझ्याकडं बघते."

"आणि तुम्ही?"

"मी गुरुवारकडं बघते."

बुधवारी आम्ही दोन बदल केले. अमृताने सगळ्यांत शेवटी जायचे. आणि कागद लावताना मॅडम वर्गाकडे पाठ करून उभ्या राहणार. आता मुलांची पंचाईत झाली. बराच वेळ कुणी उठेना. मग फैजान उठला आणि त्याने आपला कागद मापनाखाली लावला.

"ए, ते मापन नाय," अमृता जागेवरूनच म्हणाली.

"का नाय? मोजली ना पोरं रोज? मोजलं म्हणजे मापनच झालं."

"मोजून झाल्यावर काय केलं मग आपण?"

"पट्ट्या काढल्या."

"कशाला काढल्या?"

"मॅडम म्हणल्या म्हणून."

वर्ग हसला. मॅडमची पाठ जराशी हलली, पण त्या वळल्या नाहीत. अमृता बसल्या जागेवरून उठली आणि तक्त्याजवळ गेली. "नुसते आकडे लिवले असते तर दिसलं असतं का तुला, निळी पट्टी लहान आहे ते?"

फैजान बराच वेळ तक्त्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "नसतं दिसलं." त्याने आपला कागद काढला, पण अमृताने सांगितले तिथे लावला नाही. थोडा वेळ हातात धरून ठेवला. मग म्हणाला, "अर्धा इकडं, अर्धा तिकडं लावला तर चालंल का?"

त्या दोघांत तिसरा पडला, मग चौथा. बाजार भरल्यासारखा आवाज झाला. माझ्या मते तो तास मॅडमचा त्या वर्षातला सर्वांत चांगला तास होता. त्याच वेळी जाधव सर दारात आले.

त्यांनी मला बाहेर बोलावले. "पाथ्रीकर, मुलं वाद घालायला लागलीत."

"हो सर."

"उद्या समितीसमोर घालतील."

"तो धोका आहेच."

"आणि तो तक्ता कसला? मुलं येत नाहीत, हे आपणच रंगवून भिंतीला लावायचं? काढा तो. आवडत्या फळांचा लावा. आंबा सगळ्यांत उंच, पेरू मधे, केळी खाली. कुणाला त्रास नाही."

त्यांनी चित्रकलेच्या सरांना संध्याकाळपर्यंत फळांचा आलेख करायला सांगितला. त्यांनी तो केलाही. आंब्यावर देठ, पान आणि दवबिंदू होता. कोणत्या मुलांची आवड विचारून पट्ट्यांच्या उंच्या ठरवल्या, हे मी त्यांना विचारले नाही.

शाळा सुटल्यावर मी मॅडमना म्हटले, मी जाधव सरांशी पुन्हा बोलतो. पाण्याचा तक्ता राहू द्या.

त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, तुमची पेन्शन ठरलेली आहे."

मला निवृत्त व्हायला काही महिने उरले होते. तास चुकला असता तर माझ्या निरोप समारंभातले एखादे भाषण कमी झाले असते, इतकेच. त्यांनी पाण्याचा तक्ता गुंडाळला आणि कपाटात ठेवला. फळांचा आलेख फळ्याशेजारी लावला. मुलांना सांगितले, उद्या सरांनी दिलेल्या चिठ्ठ्या म्हणायच्या. 'का' असे मुलांनी विचारले नाही. आपल्या शाळांत मुलांना ही सवय लवकर लागते.

गुरुवारी सकाळी मी गारखेड्याच्या चौकातून शाळेकडे वळलो. गल्लीगल्लीतून मोटारींचा आवाज येत होता. रस्ता ओला होता. पाणी आले होते.

सहावी बमध्ये निम्मी मुले होती. स्वागतगीताच्या मुलींत तिघीच उरल्या होत्या आणि त्यांतल्या एकीला चाल येत नव्हती. जाधव सर फाटकाशी उभे राहून उशिरा येणाऱ्या प्रत्येक मुलाला हाताला धरून आत ढकलत होते. मी वर्गात डोकावलो. मॅडम बाकांवरच्या रिकाम्या जागा बघत होत्या. कोणती चिठ्ठी आली आहे आणि कोणती घरी ड्रम भरते आहे, याचा त्या हिशेब लावत असाव्यात. अमृताची जागा रिकामी होती.

समिती वेळेवर आली. प्रमुख होत्या काळे मॅडम, शिक्षण खात्यातून निवृत्त झालेल्या. सोबत संस्थेचे दोन सदस्य. शाल आणि नारळ झाले. त्या शेवटच्या बाकावर बसल्या. मी आणि जाधव सर दाराशी उभे राहिलो.

तास बरा चालला होता. काळे मॅडमनी हात वर करून शेख मॅडमना थांबवले. त्यांनी फळ्याशेजारच्या आंब्याकडे बोट केले.

"छान आहे. हा आलेख तुम्ही का काढला? कोणती निष्पत्ती आहे ही? कोण सांगेल?"

कुणी हात वर केला नाही. त्यांचे बोट पहिल्या बाकावर आले. फैजान उभा राहिला. मला माहीत होते तो काय म्हणणार. जाधव सरांनाही माहीत होते, कारण त्यांनी डोळे मिटले.

"मॅडम, ते अमृताकडं आहे."

"काय अमृताकडं आहे?"

"निष्पत्ती."

संस्थेच्या एका सदस्याने दुसऱ्याकडे बघितले. काळे मॅडमनी चष्मा काढला. "बरं. अमृता कुठं आहे?"

"तिच्या गल्लीत पाणी आलं."

"आणि बाकीचे?"

"त्यांच्याकडं पण."

काळे मॅडम आता शेख मॅडमकडे बघत होत्या. "नेहमीच एवढी कमी उपस्थिती असते?"

उत्तरे बरीच होती. ताप आहे, लग्नसराई आहे, कुणाकडे कार्यक्रम आहे. जाधव सर दारातून नुसत्या ओठांनी एकेक सुचवत होते. शेख मॅडम त्यांच्याकडे बघत नव्हत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितले. मी काहीच खूण केली नाही. धीर देणारी खूण करणेही त्या वेळी मला फुकटचे वाटले. मग त्या कपाटाशी गेल्या. किल्ली लागेना. दुसऱ्यांदा फिरवल्यावर लागली. त्यांनी गुंडाळलेला तक्ता काढला आणि आंब्याच्या वर टाचला.

"नेहमी नसते, मॅडम," त्या म्हणाल्या. "कधी असते ते मुलांनी शोधलंय. फैजान, सांगतोस?"

फैजान पुढे आला. चिठ्ठीतला मुलगा आणि हा मुलगा वेगळे होते. त्याने निळ्या आणि पिवळ्या पट्ट्या दाखवल्या. पाण्याच्या दिवशी वर्ग कमी भरतो, हे सांगितले. एक निळी पट्टी मात्र उंच होती, त्याचे कारणही सांगितले. त्या दिवशी पाणी शाळा सुटल्यावर आले होते. "आज निळी लागंल," तो म्हणाला. "उंची अजून मोजली नाय. काही जण पाइप गुंडाळून येतील."

काळे मॅडम उठून पुढे आल्या. तक्ता जवळून बघितला. मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो समितीच्या यादीतला नसावा.

"मग आमच्या छावणी भागात कधी येईल रे पाणी?"

फैजानने तक्त्याकडे बघितले.

"ते याच्यात नाय."

"अंदाजे सांग की."

"अंदाजे कसं सांगू, मॅडम? छावणीचं कुणीच नाय आमच्या वर्गात. तिकडची माहिती गोळा करावी लागंल."

"उद्या म्हण ना लेका," जाधव सर माझ्या कानाशी पुटपुटले.

निवृत्त अधिकाऱ्याला नाही म्हणणारा मुलगा बहुधा काळे मॅडमनी बऱ्याच वर्षांत बघितला नसावा. त्या जागेवर गेल्या आणि लिहायला लागल्या. बराच वेळ लिहीत होत्या.

माहितीचा अर्थ लावणे असे त्या निष्पत्तीत म्हटले आहे. जिथे माहिती नाही तिथे अर्थ न लावणे हेही त्यातच येते. फैजानला ते जमले होते. पण ते चिठ्ठीवर नव्हते, त्यामुळे कुणाच्या वाट्याला आलेले नव्हते.

समिती मुख्याध्यापकांच्या खोलीत चहाला बसली. शेख मॅडम स्टाफरूममध्ये डबा समोर घेऊन बसल्या. उघडला नाही. मी शेजारी बसलो. बाहेर अमृता आली, केस अजून ओले होते. तिने खिडकीतून विचारले, "मॅडम, माझी विचारली का?" मॅडम म्हणाल्या, "विचारली." ती म्हणाली, "अरेरे," आणि वर्गात गेली.

जाधव सर कागद घेऊन आले. त्यांचा चेहरा वाचता येत नव्हता. त्यांनी कागद माझ्याकडे दिला, मॅडमकडे नाही. म्हणून मीही घाबरलो. पण पहिलेच वाक्य होते, पाठ समाधानकारक.

मी तो शब्द वाचून दाखवला. मॅडमनी डब्यावर दोन्ही हात ठेवले. मग म्हणाल्या, "पुढं काय लिहिलंय?"

"विद्यार्थ्यांना निष्पत्तीचे क्रमांक सांगता आले नाहीत, सराव घ्यावा. उपस्थिती वाढवावी."

"अजून काही ओळी आहेत."

"त्या आंब्याबद्दल आहेत. फळांचा आलेख आकर्षक आहे, दर्शनी भागात लावावा."

मॅडमनी फोन लावला. "अब्बा, हो गया," एवढेच म्हणाल्या. पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. त्या नुसत्या हं, हं करत होत्या. मग त्यांनी डबा उघडला.

माझ्या नोकरीतून मी शिकलो ते थोडके आहे. मुलाला काय येते हे बघायचे असेल तर त्याला असा प्रश्न विचारावा ज्याचे उत्तर आपल्याला खरोखर हवे आहे. काळे मॅडमना छावणीच्या पाण्याचे उत्तर हवे होते. बाकी प्रश्नांची उत्तरे त्यांच्याकडे आधीच होती, छापील.

शेख मॅडम आता कायम आहेत. अध्यक्षांच्या मेव्हण्याच्या मुलीचे लग्न ठरले, ती पुण्याला गेली. मी निवृत्त झालो. मधे एकदा शाळेत गेलो होतो. शेऱ्याप्रमाणे फळांचा आलेख फ्रेम करून दर्शनी भिंतीवर लावला आहे. जागा एकच असल्याने तिथला फ्लेक्स काढावा लागला. तो वाया गेलेला नाही. शाळेच्या पाण्याच्या टाकीचे झाकण फुटले होते, त्यावर तो बांधला आहे. मुलांच्या हक्काची बाजू आत गेली आहे. बांगड्यांची वर ठेवली आहे, तिचा रंग उन्हात टिकतो.